इंदूरच्या घरात झाड जगवायचंय? मग आधी कुंडीतली माती बघा

मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, अँथुरियम, पीस लिली, कलाथिया, झीझी, ही सगळी घरात ठेवायची झाडं आता इंदूरात जिकडेतिकडे दिसतात, लोकमान्य नगरच्या जुन्या घरांच्या ओसरीवर पण आणि बायपासकडच्या नव्या टॉवरच्या बाल्कनीत पण. आणि त्यातली कितीतरी पहिल्याच पावसाळ्यात जातात. लोक म्हणतात पाणी जास्त झालं. पाणी जास्त होतं हे खरंय, पण तेवढंच पाणी दुसऱ्या मातीत घातलं असतं तर झाडाला काही झालं नसतं. म्हणून पाण्याचं वेळापत्रक विचारत बसण्याआधी कुंडीत काय भरलंय ते बघा.

नर्सरीत विचारलं की उत्तर ठरलेलं, "अरे भिया, काली मिट्टी डालो, गोबर खाद डालो, खूब ताकत रहती है." ताकत असते यात वाद नाही. माळव्याची काळी माती म्हणजे गहू, सोयाबीन, चणा, कापूस, सगळं पिकवणारी. "डग-डग रोटी, पग-पग नीर" म्हणतात ते उगाच नाही. पण त्यातलं नीर कुंडीत अडकून बसतं हीच भानगड आहे.

काळी माती दख्खनच्या बेसॉल्ट दगडाची झीज होऊन झालेली, तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. शेतात उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच, आणि शेतात ते चालतं, कारण खाली कित्येक फूट जमीन असते, पाणी खाली खाली जात राहतं. कुंडीत खाली सहा इंचावर प्लॅस्टिक. ओली असताना गच्च चिखल, हवा शिरायला जागा नाही, आणि मेमध्ये वाळली की ढेकूळ कुंडीच्या कडेपासून सुटतं, वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ बशीत, आणि आपल्याला वाटतं वा, पाणी छान निचरतंय! मधला गोळा मात्र कोरडाच. शिवाय ही माती चुनखडीची, पीएच (आम्ल-अल्काचं माप, सातच्या खाली आम्ल, वर अल्क) साधारण साडेसात ते साडेआठ, आणि या झाडांना हवा साडेपाच ते साडेसहाच्या आसपास. पीएच चढला की मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही, मग नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसायला लागतं, आणि आपण अजून खत घालतो.

आता ही झाडं मुळात कुठली ते बघा म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. मॉन्स्टेरा दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या जंगलातली वेल, झाडाच्या खोडावर चढणारी. अँथुरियमच्या कितीतरी जाती कोलंबिया-इक्वाडोरकडे चक्क झाडांच्या फांद्यांवर राहतात. मनी प्लांट पण वर चढणाराच. म्हणजे यांची मुळं ज्यात वाढतात ती माती नाहीच म्हणा ना, सडलेली पानं, सालींचे तुकडे, शेवाळ, असा भुसभुशीत कचरा असतो तो. रोज पाऊस पडतो पण पाणी थांबत नाही, मुळाला पाणी पण मिळतं आणि हवा पण. मुळांना श्वास लागतो ही गोष्ट आपण विसरतो. हवा संपली की मुळं गुदमरतात, मग पिथियमसारखी मुळकूज शिरते, मुळं तपकिरी, लिबलिबीत होतात, सालपट ओढलं तर हातात येतं आणि आत दोरा उरतो. पानं मलूल पडतात, आपण म्हणतो बिचारं तहानलं, आणि अजून एक तांब्या ओततो. संपलं.

म्हणून माती निवडताना "यात कस किती" हा प्रश्न नंतर, "पाणी घालून झाल्यावर यात हवा किती उरते" हा आधी. कस काय, खत घालून वरून पण देता येतो. हवा वरून घालता येत नाही.

तळाशी खडे घालायची पद्धत

हे आधी सांगून टाकते कारण प्रत्येक काकू-मावशी हेच सांगते, खाली खापऱ्या आणि खडे घाल म्हणजे पाणी निचरेल. भोकावर एक खापरीचा तुकडा ठेवणं ठीक, माती वाहून जाऊ नये म्हणून, आणि खरं तर जाळीचा तुकडा त्याहून बरा. पण दोन इंच खड्यांचा थर घालून काही फायदा होत नाही. कुठल्याही कुंडीत पाणी घातल्यावर तळाशी एक थर असा राहतो जो निथळतच नाही, कणांमधल्या बारीक फटी पाणी धरून ठेवतात. हा थर किती उंच असणार ते कणांच्या आकारावर ठरतं, कण बारीक तर थर जाड, कण मोठे तर थर पातळ. खाली खडे घातले तर तो ओला थर नाहीसा होत नाही, खड्यांच्या वर सरकतो, म्हणजे मुळांच्या अजून जवळ. निचरा हवा असेल तर सगळं मिश्रणच जाडसर पाहिजे, वरपासून खालपर्यंत. आणि उथळ कुंडीत हा ओला थर कुंडीच्या निम्म्यापर्यंत येतो, म्हणून टेबलावरच्या त्या चपट्या गोंडस कुंड्यांमध्ये झाडं लवकर कुजतात. भोक नसलेल्या सिरॅमिकच्या कुंडीबद्दल तर बोलायलाच नको, तिच्यात प्लॅस्टिकची भोकाची कुंडी ठेवा आणि पाणी घालायला बाहेर काढा.

तयार पॅकेट घ्यायचं तर

हल्ली "पॉटिंग मिक्स" लिहिलेलं पॅकेट सगळीकडे मिळतं. वाईट नसतं, पण आत काय आहे ते वाचून घ्या. किलोवर विकतात हीच मोठी गंमत, कारण पाच किलोत कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) असेल तर कोरडं-ओलं यावरच वजन बदलतं, आणि माती असेल तर पिशवी एवढीशी. पिशवी उचलून बघा. दिसायला मोठी, उचलायला हलकी, तर घरातल्या झाडांसाठी बरी. छोटी आणि जड, तर आत माती आणि बारीक वाळू, ती गुलाबाला, जास्वंदीला गच्चीवर वापरा.

साहित्याच्या यादीत पर्लाइट (हलके पांढरे दाणे) किंवा कोको चिप्ससारखं (सोडणाचे तुकडे) काहीतरी जाडसर लिहिलेलं हवं. "माती, गांडूळ खत, नीम खली, कोकोपीट" एवढंच लिहिलं असेल तर ते अर्धं काम झालेलं समजा, घरी आणून त्यात एक तृतीयांश पर्लाइट किंवा जाड काही मिसळायचंच. पाकीट उघडलं की वास घ्या. पावसानंतरच्या जमिनीसारखा वास हवा. आंबूस किंवा सडक्या अंड्यासारखा आला तर ते बंद पिशवीत ओलं राहून कुजलंय, अमोनियाचा झणका आला तर खत कच्चं आहे. असलं मिश्रण पसरून आठवडाभर हवेशीर ठेवा आणि मगच वापरा, किंवा परत करा, दुकानदार ओळखीचा असेल तर.

"इनडोअर प्लांट स्पेशल" असं लिहून दुप्पट भाव लावलेला असतो तिथे यादी अजून नीट वाचा, पुष्कळदा तेच कोकोपीट आणि गांडूळ खत असतं, वर चार दाणे पांढरे.

घरी मिसळायचं तर काय काय लागतं

घरी करणं स्वस्त पण पडतं आणि आपल्या हवेप्रमाणे कमीजास्त पण करता येतं, माझं मत विचाराल तर चार-पाचपेक्षा जास्त कुंड्या असतील तर घरीच करा.

कोकोपीट हा पाया. नारळाच्या सोडणाचा भुसा, आपल्याकडे तो येतो तामिळनाडू-केरळकडून, पाच किलोची वीट भिजवली की साठ-सत्तर लिटर होते म्हणजे एवढी की टब पुरत नाही, लहान घराला साडेसहाशे ग्रॅमची छोटी वीट पुरे. परदेशी व्हिडिओत सगळीकडे पीट मॉस सांगतात, ते इथे महाग आणि शोधत बसायची काही गरज नाही. कोकोपीटमध्ये एकच खोट, खारटपणा. नारळाची सोडणं कित्येक ठिकाणी खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात भिजवतात, शिवाय सोडणात मुळातच पोटॅशियम-सोडियम असतं. पॅकेटवर "लो ईसी" (म्हणजे क्षार कमी) किंवा "वॉश्ड" लिहिलेलं घ्या, तरी घरी एकदा भरपूर पाण्यात भिजवून जुन्या सुती साडीच्या तुकड्यात पिळून काढा, पाणी चहासारखं लाल निघतं, ते फिकट होईपर्यंत दोन-तीनदा. कंटाळवाणं आहे पण कलाथियाच्या पानांचे काठ जळायचे थांबतात. आणि नुसत्या कोकोपीटमध्ये झाड लावू नका! वरून कोरडं दिसतं, आत ओलं असतं, आणि वर्षभरात दबून गच्च होतं.

पर्लाइट म्हणजे ते पांढरे थर्माकोलसारखे दिसणारे दाणे. थर्माकोल नाही ते, ज्वालामुखीची काच साडेआठशे-नऊशे अंशाला तापवली की लाहीसारखी फुलते. मिश्रणात हवा ठेवायला उत्तम, पीएचला धक्का लावत नाही, सडत नाही. जाड दाण्याचं मागा, बारीक पावडर घेऊन उपयोग नाही. पिशवीतच थोडं पाणी शिंपडा मग उघडा, धूळ नाकात जायला नको, तोंडाला रुमाल बांधलेला बरा. दुकानदार कधी कधी पर्लाइट मागितलं तर व्हर्मिक्युलाइट देतो, "एकही बात है." एकच नाही. व्हर्मिक्युलाइट सोनेरी-तपकिरी, अभ्रकाचं, ते पाणी धरून ठेवतं. बिया लावायला छान, मॉन्स्टेराला नको.

पर्लाइट महाग वाटलं तर विटांची रोडी. नीट भाजलेली लाल वीट, फोडून वाटाण्याएवढे तुकडे, बारीक भुगा चाळून टाकून द्यायचा. कुंडी जड होते पण उंच झाडाला ते बरंच, कलंडत नाही. तसंच नर्मदेची जाड वाळू, घराचं बांधकाम चाललं असेल तिथे मिळते, पण ती रव्याच्या चाळणीतून चाळा आणि जे वर उरतं तेच घ्या. खाली पडलेली बारीक वाळू मातीत मिसळली तर निचरा वाढत नाही, उलट फटी भरून जातात. उरलेली जाड वाळू पाणी स्वच्छ येईस्तोवर धुवा. क्रशरची चुरी मात्र अजिबात नको, ती सिमेंटसारखी बसते.

कोको चिप्स म्हणजे सोडणाचे चौकोनी तुकडे, चढणाऱ्या वेलांना हेच सगळ्यात आवडतं, त्यांच्या जंगलातल्या सालींच्या जागी. विकत मिळतात, नाहीतर पूजेच्या नारळांची वाळलेली सोडणं घरी जमवून कात्रीने अर्ध्या इंचाचे तुकडे करा, तीन-चार दिवस पाणी बदलत भिजवा. पाइन बार्क म्हणजे परदेशी चिडाची साल पण चालते, ऑनलाइन मिळते, माझ्या मते कोको चिप्स असताना तो खर्च ऑर्किडवाल्यांनी करावा.

लाकडी कोळसा इस्त्रीवाल्याकडे किंवा तंदूरवाल्याकडे मिळतो, हरभऱ्याएवढे तुकडे. "पाणी शुद्ध करतो, विष शोषतो" असं लोक फार सांगतात, तेवढं काही नाही, पण तो सडत नाही आणि मिश्रण मोकळं ठेवतो, म्हणून थोडा घालावा. दगडी कोळशाची राख नको, ती अल्कधर्मी, आपल्या पाण्यात आधीच तेवढं पुरेसं आहे.

खत किती

इथे सगळ्यांचा हात सैल सुटतो. गांडूळ खत चांगलंय म्हणून अर्धी कुंडी गांडूळ खत. ते बारीक असतं, पाणी धरतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये घरात ती छोटी काळी चिलटं भणभणायला लागतात ना, ती याच ओल्या सेंद्रिय थरात अंडी घालतात. सहा-सात भागात एक भाग, बस. शेणखत घालायचं तर पूर्ण कुजलेलं, हातात घेतलं तर शेणाचा वास न येणारं, नाहीतर त्यातून हुमणीच्या पांढऱ्या अळ्या येतात आणि कच्चं खत कुंडीत गरम होतं. मला विचाराल तर घरात शेणखत नकोच, गच्चीवर वापरा. निंबोळी पेंड सहा इंची कुंडीला एक चमचा पुरे, जास्त घातली तर पावसाळ्यात वर पांढरी बुरशी धरते. चहाचा चोथा, केळ्याची सालं, अंड्याची टरफलं हे सगळं कुंडीत थेट खोचायचं नाही, चिलटं आणि झुरळांना आमंत्रण, आणि टरफलातला चुना तर आपल्याकडच्या पाण्यातच भरपूर आहे.

एक खत मात्र इंदूरात राहून शिकलं नाही तर आपली लाज आहे. जगभर कंपोस्टच्या एका पद्धतीला इंदूर मेथड म्हणतात ती आपल्या याच गावची, ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते, आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे, आणि त्यांनी कपाशीच्या काड्या, पालापाचोळा, शेण, गोमूत्राची माती, लाकडाची राख यांचे थर लावून, ठरावीक वेळाने पलटून, तीनेक महिन्यांत खत करायची पद्धत बसवली. अर्थात ते शेताचं काम, फ्लॅटमध्ये ढीग कुठे लावणार. पण त्यातलं सार घेता येतं, पाला-शेणाचे थर, ओल आणि अधूनमधून पलटणं. होळीच्या सुमारास पानगळ होते तेव्हा नीम, गुलमोहर, शिरीष असली बारीक पानं गोणीत भरा, मध्ये मध्ये मूठभर जुनी माती किंवा कुजलेलं शेणखत, ओलसर ठेवा, गोणीला भोकं पाडा, दर दोन-तीन आठवड्यांनी उलटीपालटी करा. राख मात्र घालू नका, आपल्या झाडांना अल्क नकोय. दिवाळीपर्यंत काळं भुसभुशीत पानांचं खत तयार. आंब्याची, पिंपळाची पानं जाड, त्यांना वेळ लागतो, आधी चुरून घ्या. निलगिरीची नको. हे पानांचं खत कलाथियाला, फर्नला, पीस लिलीला इतकं मानवतं की विकतचं काही त्याच्या पुढे नाही.

कोणाला काय

सगळं मापानं, वजनानं नाही. आंघोळीचा मग घ्या, तेच माप. अंदाज म्हणून सांगते, सहा इंची कुंडीला साधारण दोन लिटर मिश्रण लागतं, आठ इंचीला चार-पाच, दहा इंचीला आठ-नऊ.

मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, मनी प्लांट, सिंगोनियम, अँथुरियम, ही चढणारी मंडळी: तीन मग कोको चिप्स, दोन कोकोपीट, दोन पर्लाइट नाहीतर विटांची रोडी, एक गांडूळ खत, अर्धा कोळसा. हातात घेतलं तर हे माती वाटतच नाही, कचरा वाटतो, तसंच पाहिजे. अँथुरियमला चिप्स अजून एक मग वाढवा. मनी प्लांट बिचारा कशातही जगतो, त्याच्यासाठी उरलंसुरलं पण चालेल.

कलाथिया, पीस लिली, फर्न यांना सुकणं सोसत नाही. चार कोकोपीट, दीड पर्लाइट, एक पानांचं खत, एक गांडूळ खत. पानांचं खत नसेल तर त्याच्या जागी कोकोपीटच, गांडूळ खत वाढवू नका.

अ‍ॅग्लोनेमा आणि डायफेनबेकिया या दोघांच्या मधले, तीन कोकोपीट, दोन पर्लाइट, एक चिप्स, एक गांडूळ खत.

झीझी आणि स्नेक प्लांट यांचं उलटं, दोघं आफ्रिकेकडचे, झीझीच्या तर मातीखाली बटाट्यासारखे कंद असतात पाणी साठवायला. दोन मग जाड वाळू किंवा रोडी, एक पर्लाइट, एक कोकोपीट, अर्धं गांडूळ खत. या दोघांना लोक हौसेने पाणी पाजून मारतात.

अरेका पाम आणि रबर प्लांट मोठे होतात, त्यांना थोडी खरी माती चालते आणि कुंडीला वजन पण येतं. दोन भाग नर्सरीतली लाल माती, एक जाड वाळू, एक कोकोपीट, एक गांडूळ खत. काळीच माती हाताशी असेल तर एक भागाच्या वर जाऊ नका आणि ढेकळं फोडून चाळून घ्या.

मिश्रण जमलं की नाही ते बघायचं

थोडं ओलं करून मुठीत दाबा. मूठ उघडली की गोळा क्षणभर राहावा आणि बोटानं टोचलं की सुटावा, भिजवलेले पोहे कसे मोकळे राहिले तर जमले आणि लगदा झाला तर गेले, तसंच. गोळा तसाच राहिला तर पर्लाइट घाला, गोळा बनलाच नाही तर थोडं कोकोपीट.

दुसरं म्हणजे कुंडीत भरून वरून मगभर पाणी ओता. पाणी वर तळं करून थांबायला नको, दहा-पंधरा सेकंदांत खालून यायला लागलं पाहिजे. मिनिटभर तळं राहिलं तर ते मिश्रण या झाडांचं नाही. एक अपवाद, कोकोपीट अगदी ठणठणीत वाळलेलं असेल तर ते पहिल्यांदा पाणी घेतच नाही, त्यामुळे मिसळतानाच ओलसर करून घ्या.

नंतर रोजच्यासाठी जळून गेलेल्या उदबत्तीची काडी ठेवा, ती कडेने तळापर्यंत खोचायची, दोन मिनिटांनी काढायची, ओली निघाली तर पाणी नाही. बोट घालून वरचा इंच बघण्यापेक्षा हे बरं, कारण कुजतं ते खाली.

आपली हवा आणि आपलं पाणी

जगातल्या सगळ्या रेसिपी कुठल्यातरी दुसऱ्या हवेसाठी असतात. इंदूरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिसाच्या वर आणि हवा कोरडी ठाक, जुलै-ऑगस्टमध्ये दमट की कपडे वाळत नाहीत, आणि जानेवारीत रात्री दहा अंशाच्या खाली. तीन देशांची हवा एका कुंडीने सोसायची. मिश्रण तीनदा तर बदलता येत नाही, म्हणून पावसाळ्याला मापून करा, उन्हाळ्यात पाणी वाढवता येतं पण पावसाळ्यात हवा सुकवता येत नाही. ज्यांच्याकडे कूलर चालतो त्यांची झाडं उन्हाळ्यात खूश असतात, फक्त थेट झोताखाली ठेवू नका. एसीच्या खोलीत हवा कोरडी राहते, तिथे कोकोपीट थोडं जास्त चालेल.

कुंडी मातीची असेल तर ती सगळ्या अंगाने पाणी सोडते, तिच्यातलं मिश्रण लवकर सुकतं, कलाथियासाठी मग प्लॅस्टिकच बरी, आणि झीझीला मातीची.

पाण्याचं म्हणाल तर नळाचं नर्मदेचं पाणी, जलूदहून इतक्या लांबून चढवून आणलेलं, झाडांना ठीक आहे. बोअरिंगचं जड पाणी असेल तर कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरी पुटं दिसतात, पीएच हळूहळू वर चढतो, कितीही चांगली माती भरली तरी. अशांनी महिन्या-दोन महिन्यांतून एकदा कुंडी मोरीत नेऊन भरपूर पाणी वरून सोडायचं, खालून वाहू द्यायचं, आणि पावसाळ्यात गच्चीच्या पाइपाखाली एक ड्रम लावायचा, पहिला पाऊस सोडून. एसीचं पाणी चालतं. आरओचं टाकाऊ पाणी लोक बचत म्हणून झाडांना घालतात, त्यात सगळे क्षार गोळा झालेले असतात, लादी पुसा त्याने. सॉफ्टनरचं पाणी पण नको, त्यात सोडियम.

आणि माती नसलेल्या मिश्रणात जेवण जवळपास नाहीच हे लक्षात असू द्या. मार्च ते ऑक्टोबर, पंधरा दिवसांतून एकदा 19-19-19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरला एक ग्रॅम, ओल्या मातीत, मंडीजवळच्या खत-बियाण्यांच्या दुकानात मिळतं. थंडीत बंद.

नर्सरीतून आणलेलं झाड

इथल्या नर्सऱ्यांमध्ये बरीच झाडं बाहेरून येतात, आंध्रच्या कडियमकडून, पुण्याकडून. येतात ती एक तर लाल चिकण मातीच्या घट्ट गोळ्यात, नाहीतर नुसत्या कोकोपीटमध्ये. तो गोळा तसाच ठेवून भोवती आपलं छान मिश्रण भरलं तर दोघांचं पाणी वेगवेगळ्या वेगाने सुकतं, भोवतीचं कोरडं आणि मधला गोळा चिंब, किंवा उलटं. आणल्यावर दहा-पंधरा दिवस झाडाला घराची सवय होऊ द्या, मग बादलीत कोमट पाण्यात गोळा अर्धा तास बुडवून ठेवा, चिकणमाती आपोआप सुटते, हलक्या हाताने जेवढी निघेल तेवढीच काढा, बारीक मुळं ओढू नका. कलाथिया नाजूक, तिची निम्मी माती राहिली तरी चालेल. नवी कुंडी जुनीपेक्षा फक्त दीड-दोन इंच मोठी. एकदम मोठ्या कुंडीत टाकलं तर मुळं नाहीत तिथली माती ओलीच राहते, आणि मग परत तीच कथा.

हे काम फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्च, किंवा पहिला पाऊस होऊन उकाडा उतरला की. भर मेमध्ये नको आणि डिसेंबर-जानेवारीत तर मुळीच नको, थंडीत मुळं झोपलेली असतात. मात्र मुळं कुजतायत असं कळलं तर मुहूर्त बघू नका, लगेच काढा, सडलेलं कापा, मिश्रणात पर्लाइट वाढवून लावा. बदलल्यावर एकदा भरपूर पाणी, मग सावलीत, महिनाभर खत नाही. माती दाबून दाबून बसवायची सवय सोडा, कुंडी जमिनीवर दोनदा आपटली की पुरे.

दीड-दोन वर्षांत कोकोपीट आणि चिप्स सडून बारीक होतात, मिश्रण खाली बसतं, पाणी पुन्हा वर थांबायला लागतं. तेव्हा बदलायचं. जुनं फेकू नका, मेच्या उन्हात ओलसर करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली गच्चीवर चार-सहा आठवडे पसरून ठेवा, चिलटांची अंडी आणि बुरशी बरीचशी जाते. मग त्यात थोडी काळी माती आणि शेणखत घालून गच्चीवरच्या सदाफुलीला, जास्वंदीला, तुळशीला भरा, त्यांना कसलं नखरं नसतं.